दोन मॅच जिंकली, तरी रँकिंग घसरलं! ज्युनियर टेनिसची आकडेमोड

सोमवारी दुपारी बाबांचा फोन आला. आवाजात तक्रार होती.

"अरे, पोरगी दोन मॅच जिंकून आली. मग नंबर खाली कसा गेला? हरली असती तर समजलं असतं."

पोरगी म्हणजे माझी भाची. वय पंधरा. आदल्या आठवड्यात एका आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत दोन सामने जिंकून ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली होती. घरी पेढे आले होते. आणि सोमवारी नवी यादी लागली तर ती पन्नासेक जागांनी खाली! बाबांनी आयुष्यभर एसटीच्या हिशेबखात्यात काम केलेलं. जमा झाल्यावर शिल्लक कमी होते, हे त्यांच्या तत्त्वातच बसत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो. मुलांना कोर्टवर नेणाऱ्या बऱ्याच पालकांचाही हाच घोळ होतो, म्हणून तो हिशेब इथे मांडतोय.

आधी दोन शब्दांचा गुंता

आपल्या वर्तमानपत्रांत "मानांकन" हा शब्द दोन्हीकडे वापरतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो. या लेखापुरतं ठरवून टाकू. क्रमवारी म्हणजे रँकिंग: जगातले किंवा देशातले सगळे खेळाडू एका रांगेत. मानांकन म्हणजे सीडिंग: एका विशिष्ट स्पर्धेत आलेल्यांपैकी वरच्या काही जणांना दिलेली खास जागा. क्रमवारी आठवड्यागणिक बदलते, मानांकन त्या स्पर्धेबरोबर संपतं. जगात आठशेव्या क्रमांकावरची मुलगी एखाद्या छोट्या स्पर्धेत अग्रमानांकित असू शकते. त्या आठवड्यात तिच्या वरचं कुणी तिथे आलेलं नसतं, एवढंच.

क्रमवारीही एक नसते. राज्य संघटनेची वेगळी. अखिल भारतीय टेनिस संघटनेची, म्हणजे सगळे जिला "आयटा रँकिंग" म्हणतात ती, १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या गटांसाठी वेगवेगळी. तिच्याखाली स्पर्धांची उतरंड: टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज, आणि सर्वांत वर राष्ट्रीय अजिंक्यपद. या सगळ्यांच्या पलीकडे आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची जागतिक ज्युनियर क्रमवारी. तिच्यात वयोगटांच्या फोडी नाहीत; १३ ते १८ वर्षांची सगळी मुलं एकाच यादीत, मुलांची एक आणि मुलींची एक. भाचीची भानगड या शेवटच्या यादीतली होती.

स्पर्धेच्या नावातच बक्षीस लिहिलेलं असतं

आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धांना २०२३ पासून सोपी नावं आहेत: जे३०, जे६०, जे१००, जे२००, जे३००, जे५००. पूर्वी ग्रेड ५, ग्रेड ४ अशी उलटी चढण होती. आता आकडा म्हणजेच विजेत्याला मिळणारे गुण. जे३० जिंकलं की ३०, जे३०० जिंकलं की ३००. सर्वांत वर चार ज्युनियर ग्रँड स्लॅम, तिथे विजेत्याला १०००.

हरणाऱ्यालाही फेरीनुसार गुण मिळतात. जे६० मध्ये अंतिम फेरीत हरलात तर ३६, उपांत्य फेरीत १८, उपांत्यपूर्व फेरीत १०. जे३० मध्ये हेच आकडे १८, ९ आणि ५. गुण कसे पटापट निम्मे होतात बघा. जे३० च्या उपांत्यपूर्व फेरीत तिसऱ्या सेटच्या टायब्रेकला हरलेली मुलगी ५ गुण घेऊन घरी येते आणि विजेती ३०. एका टायब्रेकच्या पलीकडे सहापट गुणांची वाट असते, त्यामुळे तळातली क्रमवारी फार उड्या मारते. तिथे आठ-दहा गुणांत शेकडो मुलं दाटीवाटीने उभी असतात.

दहावीचं बेस्ट ऑफ फाइव्ह आठवा

सगळ्या स्पर्धांचे गुण मोजत नाहीत. एकेरीतले सर्वोत्तम सहा निकाल घेतात, आणि दुहेरीतल्या सर्वोत्तम सहा निकालांच्या बेरजेचा चौथा हिस्सा त्यात मिळवतात. ही बेरीज म्हणजे तुमचे एकूण गुण. एकेरी-दुहेरी अशी एकत्र मोजायची पद्धत २००४ मध्ये आली. त्याआधी दोन्ही याद्या वेगळ्या होत्या.

बाबांना हे लगेच पटलं. नातवंडांच्या दहावीत बेस्ट ऑफ फाइव्ह त्यांनी पाहिलंय: विषय सहा, धरायचे पाच, सर्वांत कमी मार्कांचा सोडून द्यायचा. इथेही तेच, फक्त एक मोठा फरक. दहावीला सगळ्यांना सहाच पेपर असतात. इथे कुणी वर्षात आठ पेपर देतं, कुणी पंचवीस, आणि दोघांचेही धरतात मात्र सहाच. या फरकाकडे पुढे परत येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

आणि ५२ आठवड्यांनी खोडरबर

प्रत्येक निकालाचं आयुष्य ५२ आठवडे. नंतर तो यादीतून गळतो, मग तो कितीही दिमाखदार असो. रेल्वेचा पास जसा ठरल्या तारखेला संपतो, तुम्ही त्यावर किती वेळा प्रवास केला ते कुणी विचारत नाही, तसंच.

आता भाचीची वही. मागच्या सोमवारपर्यंत तिचे एकेरीतले सहा निकाल असे होते: १८, १०, ९, ५, ५, २. बेरीज ४९. दुहेरीच्या सहा निकालांची बेरीज ४०, तिचा चौथा हिस्सा १०. एकूण ५९.

यातले १८ गुण गेल्या वर्षी याच सुमारास एका जे६० मध्ये उपांत्य फेरी गाठून मिळवलेले. या सोमवारी त्यांचे ५२ आठवडे भरले. ते गेले. त्यांच्या जागी आदल्या आठवड्यातले जे३० चे ५ गुण आले. नवी यादी: १०, ९, ५, ५, ५, २. बेरीज ३६, दुहेरीचे १०, एकूण ४६.

दोन मॅच जिंकून तेरा गुण कमी! बाबांनी हिशेब स्वतः दोनदा केला, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे ती या आठवड्याच्या खेळावर घसरली नाही. गेल्या वर्षी चांगली खेळली होती म्हणून घसरली." अगदी तसंच. पालकांच्या भाषेत याला "पॉइंट्स डिफेंड करणं" म्हणतात. गेल्या वर्षी जेवढे गुण मिळवले, ते गळेपर्यंत तेवढेच कुठेतरी पुन्हा मिळवले तर जागेवर राहाल. नाहीतर जिंकता जिंकताही खाली.

मग या आकड्याने नक्की होतं काय?

प्रत्येक स्पर्धेला प्रवेश अर्ज काही आठवडे आधी करावा लागतो. मुदत संपली की आलेले अर्ज क्रमवारीप्रमाणे लावतात. वरच्यांना थेट मुख्य फेरीत जागा, त्यांच्या खालच्यांना पात्रता फेरीत, आणि उरलेले "अल्टरनेट" म्हणून ताटकळतात: कुणी नाव मागे घेतलं तर आपला नंबर लागेल या आशेवर. काही जागा यजमान संघटना वाइल्ड कार्ड म्हणून आपल्या मर्जीने देते. बाकी सगळं रांगेवर.

त्यामुळे क्रमवारी ही मुळात रेशनच्या रांगेतली जागा आहे. तुम्हाला आत कुठल्या दाराने सोडायचं ते ती ठरवते. ज्युनियर विम्बल्डनच्या ६४ जणांच्या एकेरीत थेट शिरायचं तर साधारण पहिल्या पन्नास-साठांत असावं लागतं. वर्षअखेरीस पहिल्या दहात असलेल्या मुलांना तर २०२३ पासून चॅलेंजर, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या मधल्या पायरीवरच्या, स्पर्धांमध्ये आठपर्यंत थेट प्रवेश मिळतात, म्हणजे पुरुषांच्या तळाच्या स्पर्धांत दोन-तीन वर्षं घासणं वाचतं.

आत शिरल्यावर मानांकन. ३२ जणांच्या फेरीत आठ मानांकित. पहिलीला ड्रॉच्या, म्हणजे सामन्यांच्या तक्त्याच्या, सर्वांत वरची ओळ, दुसरीला सर्वांत खालची. तिसरी-चौथीसाठी चिठ्ठी टाकतात, पण अशी की उपांत्य फेरीआधी पहिल्या दोघींशी गाठ पडू नये. बिगरमानांकित मुलीला मात्र पहिल्याच सकाळी अग्रमानांकित समोर येऊ शकते. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तसे गुणांकडे गुण जातात.

"सहा स्पर्धा जिंकणारी आणि दोन मॅच जिंकणारी एकाच पायरीवर? हा कुठला न्याय?"

बाबांचा पुढचा मुद्दा. हिशेब खरा आहे. समजा एका मुलीने वर्षात सहा जे३० स्पर्धा जिंकल्या. ३२ जणींच्या प्रत्येक स्पर्धेत पाच सामने, म्हणजे तीस विजय. गुण: १८०. दुसरी ज्युनियर ग्रँड स्लॅममध्ये फक्त दोन सामने जिंकून शेवटच्या सोळांत गेली आणि हरली. तिचेही गुण १८०.

तीस विजय आणि दोन विजय सारखेच. ऐकायला अन्याय वाटतो, पण यात मला फारसं वावगं दिसत नाही. गल्लीतल्या तीस पहिलवानांना चीत करणं आणि महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात दोन कुस्त्या मारणं यांत दुसरं सोपं आहे असं कुणी म्हणेल का? स्लॅममध्ये पहिल्या फेरीलाच जी समोर येते, ती बहुतेकदा तिच्या देशातल्या पहिल्या काही जणींपैकी असते. समोर कोण आहे हे गुणांच्या तक्त्यात थेट मोजलं जात नाही. स्पर्धेच्या दर्जातून ते आडवळणाने मोजलं जातं.

आडवळणाने म्हणजे ढोबळपणे, हे मात्र खरं. एका देशातली जे३० दगडासारखी कठीण असते, दुसरीकडच्या जे३० ला नावंच पुरेशी येत नाहीत. दोन्हीकडे विजेतीला ३०. हे ओळखून मुलांना मुद्दाम हलक्या स्पर्धांना घेऊन फिरणारे पालक आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नियमांत जे बक्षीस ठेवलंय ते ती माणसं उचलतायत.

"सगळ्या निकालांची सरासरी का काढत नाहीत?"

हिशेबनिसाला हे सुचणारच. आणि टेनिसने ते करून पाहिलंय.

पुरुषांची संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ रोजी सुरू झाली. पहिला क्रमांक रुमानियाच्या इली नास्तासेचा. तेव्हा मिळालेल्या गुणांना स्पर्धांच्या संख्येने भागून सरासरी काढत. कागदावर झकास. पण सरासरी चांगली असलेल्या माणसाला आणखी एक स्पर्धा खेळणं म्हणजे जोखीम झाली: पहिल्या फेरीत हरलो तर सरासरी पडणार, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आयोजकांना मोठी नावं हवीत आणि पद्धत मोठ्या नावांना घरी बसायला शिकवतेय. शेवटी १९९० मध्ये सरासरी मोडीत काढली आणि सर्वोत्तम १४ निकालांची बेरीज आली.

ज्युनियरमध्ये सरासरी आणली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दुखरं मनगट असलेलं पोर, परीक्षेआधीचा आठवडा, पहिल्यांदाच क्ले कोर्टवर खेळायला जाणं, असं काहीही करायला पालक धजावणार नाहीत. बेरजेच्या पद्धतीत एक वाईट आठवडा विसरता येतो. चौदा-पंधराव्या वर्षी ही सवलत फार मोलाची असते.

खरी तक्रार: पंचवीस पेपर कुणाला परवडतात?

आता मघाची मेख. वाईट निकाल मोजत नाहीत, म्हणजे जास्त स्पर्धा खेळण्यात क्रमवारीचं नुकसान काहीच नाही, झाला तर फायदाच. प्रत्येक जादा स्पर्धा म्हणजे सहाच्या यादीतला एखादा किरकोळ आकडा बदलायची आणखी एक संधी. पण या लॉटरीच्या तिकिटाची किंमत म्हणजे विमानभाडं, हॉटेल, रॅकेटचं गटिंग (तारा बसवणं), आणि सोबत एक पालक किंवा कोच.

भारतात जे३० आणि जे६० बऱ्यापैकी होतात. जे३०० सारख्या वरच्या स्पर्धा मोजक्याच. मोठे गुण हवे असतील तर देशाबाहेर पडावं लागतं. युरोपातलं पोर रात्री रेल्वेत बसून सकाळी शेजारच्या देशात खेळायला उतरतं. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या मुलीला त्याच दर्जाच्या स्पर्धेसाठी आधी व्हिसाच्या तारखेची वाट बघावी लागते. दोघी सारख्याच खेळत असतील तरी वर्षअखेरीस एकीचे सहा निकाल बारा-पंधरांतून निवडलेले असतात, दुसरीचे जेमतेम सहाच. यादीत हा फरक कुठेच दिसत नाही. दिसतो फक्त नंबर.

महासंघाने यावर एक अर्धा उपाय केलाय: लहान वयाच्या मुलांनी वर्षात किती स्पर्धा खेळायच्या यावर वयानुसार मर्यादा आहे. तिचा हेतू मुलांची हाडं आणि शाळा जपणं हा. पैशाची दरी तिने थोडीफारच बुजते.

आणखी एक दरी जन्मतारखेची. तेरावा वाढदिवस झाला की या स्पर्धांचं दार उघडतं, आणि ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला बंद होतं. १ जानेवारीला जन्मलेल्या मुलाला जवळजवळ सहा वर्षं मिळतात; ३१ डिसेंबरवाल्याला पाच. शेवटच्या वर्षी दोघं समोरासमोर आले की वर्षाच्या सुरुवातीला एक अठरा पूर्ण केलेला आणि दुसरा नुकता सतरा पूर्ण केलेला. त्या वयात एका वर्षात सर्व्हिस किती बदलते ते कुठल्याही कोचला विचारा.

मग ते यूटीआर म्हणजे काय?

क्लबच्या कट्ट्यावर हल्ली "तुझा यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) किती?" असंही विचारतात. ही क्रमवारी नाही, हे मूल्यांकन आहे: रेटिंग. क्रमवारी सांगते तुम्ही कुठवर पोचलात. रेटिंग अंदाज बांधतं तुम्ही कसे खेळता.

कॅरमचं उदाहरण घेऊ. बाबा माझ्याशी २९-५ ने जिंकतात. एके दिवशी मी २९-२४ ने हरलो. मी हरलोच, पण घरातलं कुणीही म्हणेल की माझा हात सुधारला. यूटीआर नेमकं हेच करतं. तुमच्या आणि समोरच्याच्या आकड्यावरून तुम्ही किती गेम घ्यायला हवे होते याचा अंदाज, आणि प्रत्यक्षात किती घेतले, यांची तुलना. बलाढ्य खेळाडूशी ४-६, ४-६ हरूनही आकडा वाढू शकतो. कच्च्या खेळाडूशी ६-४, ६-४ जिंकूनही घटू शकतो. गेल्या १२ महिन्यांतले जास्तीत जास्त ३० सामने धरतात, मुलगा-मुलगी किंवा वय बघत नाहीत, आणि १ पासून १६.५ पर्यंतच्या एकाच पट्टीवर सगळ्यांना बसवतात. अमेरिकेतल्या कॉलेजांचे कोच शिष्यवृत्ती देताना हा आकडा बघतात, म्हणून आपल्याकडेही त्याचं एवढं प्रस्थ. आयटीएफचंही असं एक मूल्यांकन आहे, वर्ल्ड टेनिस नंबर. त्याची पट्टी उलटी: नवशिका ४०, आणि व्यावसायिक १ च्या जवळ.

रेटिंगला प्रवासाचा खर्च लागत नाही, पुण्यातल्या पुण्यात चांगली मॅच खेळूनही आकडा हलतो. म्हणून ते जास्त न्याय्य, असं मलाही आधी वाटायचं. पण त्याची स्वतःची खोड आहे. आकडा जपायची मुलांना सवय लागते. समोर कच्चं पोर आलं की जिंकणं पुरत नाही, ६-१ ने जिंकावं लागतं. एक गेम गेला की बाहेर बसलेल्या बापाचा चेहरा पडतो. त्यापेक्षा पाय दुखतोय सांगून मॅचच सोडलेली बरी, असंही मग सुचायला लागतं. क्रमवारीत निदान जिंकणं म्हणजे जिंकणंच असतं, ७-६, ७-६ ने का होईना.

बरं, वरचा नंबर आला तर पुढे चॅम्पियन होणार ना?

रमेश कृष्णन १९७९ मध्ये ज्युनियर विम्बल्डन आणि ज्युनियर फ्रेंच दोन्ही जिंकले, जगात पहिले आले. पुढे पुरुषांत २३ व्या क्रमांकापर्यंत पोचले. लिअँडर पेस ज्युनियरमध्ये पहिला, पुरुष एकेरीत सर्वोच्च ७३ वा, आणि खरं साम्राज्य उभं केलं ते दुहेरीत. युकी भांबरी २००९ मध्ये ज्युनियर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून पहिला झाला. एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत गेला, मग त्यानेही दुहेरीची वाट धरली. रॉजर फेडरर १९९८ च्या अखेरीस ज्युनियर क्रमांक एक होता. आणि नोव्हाक जोकोविचचं ज्युनियरमधलं सर्वोत्तम स्थान? चोविसावं.

यादीच्या वरच्या टोकाला असणारी मुलं गुणी असतातच, त्यात शंका नाही. पण पंधराव्या वर्षी अंगाने लवकर भरलेलं पोर आणि अठराव्या वर्षी शॉट सापडलेलं पोर यांच्यात ही यादी फरक करू शकत नाही. ती मागच्या ५२ आठवड्यांची खतावणी आहे, पुढच्यांची नाही.

घरी करायची एक गोष्ट

एक व्यवहाराचं. नंबर लिहून ठेवण्यापेक्षा सहा निकाल लिहून ठेवा, आणि प्रत्येकापुढे तो कधी गळणार ती तारीख. पुढच्या दोन महिन्यांत मोठा आकडा गळणार असेल तर त्याच्या आधीच्या स्पर्धेचा अर्ज वेळेत जातो, आणि सोमवारी घरात सुतक पसरत नाही. दुहेरीला जोडीदार शोधायला आळस करू नका. चौथाईच का होईना, तळातल्या गर्दीत दहा गुण म्हणजे बऱ्याच जागा. आणि नाव मागे घ्यायचं असेल तर मुदतीत घ्या. आयटाच्या यादीत उशिरा माघार घेणाऱ्यांचे गुण कापतात, त्यासाठी वेगळा रकानाच असतो.

बाबांनी वहीत तो तारखेचा रकाना त्याच रात्री आखला. लाल शाईने. आता सोमवारी त्यांचा फोन येत नाही, रविवारी येतो. "अरे, १७ तारखेला तिचे दहा जातायत. त्याआधीच्या जे६० ला अर्ज टाकलाय ना? की मी ताईला फोन करू?"